आधी स्कॅन, मग केमो: हाडाच्या कर्करोगात हा क्रम मोडू नका

"गाठ गुडघ्याजवळ आहे ना डॉक्टर, मग अंगभर स्कॅन कशाला? पोरगं आधीच अर्धं झालंय, त्यात आणखी रेडिएशन नको."

आई-वडील असं म्हणतात तेव्हा मला त्यांचा राग येत नाही. राग येतो तो "केमो सुरू तर करू, स्कॅन नंतर बघू" म्हणणाऱ्यांचा. त्यांत नातेवाईक असतात, व्हॉट्सअ‍ॅपवरचे सल्लागार असतात आणि, सांगायला वाईट वाटतं, कधीकधी आमचे व्यवसायबंधूही असतात.

वाढत्या वयातल्या मुलांत हाडाचे मुख्यतः दोन कर्करोग दिसतात: ऑस्टिओसार्कोमा आणि युइंग सार्कोमा. एमआरआय गाठ असलेलं हाड उत्तम दाखवतो, पण हे आजार रक्तावाटे फुप्फुसांत आणि दुसऱ्या हाडांत जातात. निदानाच्या वेळीच ऑस्टिओसार्कोमाच्या साधारण पाच-सहा रुग्णांत एकाला आणि युइंगच्या चारांत एकाला आजार दुसरीकडे पोचलेला दिसतो. मांडीच्या हाडाची गाठ काढली आणि मणक्यातला ठिपका कुणी पाहिलाच नाही, तर त्या ऑपरेशनचा उपयोग किती?

"नंतर बघू" इथेच महागात पडतं. केमोनंतर असा ठिपका पुसट होतो किंवा दिसेनासा होतो, पण पेशी मेल्याच असं नाही. त्या जागीही शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार लागू शकतात. ती जागा आधी नोंदलेलीच नसेल तर उपचार करायचे कुठे? तो पहिला फोटो पुन्हा काढता येत नाही.

आता रेडिएशनची भीती. बोन स्कॅनमध्ये टेक्नेशियम नावाचं किरणोत्सर्गी द्रव्य शिरेतून देतात. हाड जिथे जोरात घडत असतं तिथे ते जमतं आणि दोन-चार तासांनी कॅमेरा त्याचं चित्र घेतो. सहा तासांत त्याची किरणं निम्मी होतात. मिळणारी मात्रा साधारण 3 ते 5 मिलिसिव्हर्ट. निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिळते. पेट-सीटीत मात्रा जास्त असते. धोका शून्य नाही, पण पसरलेला आजार नजरेतून सुटण्यापुढे तो फार लहान आहे. उपचार संपल्यावर तक्रार नसताना दर दोन महिन्यांनी पेट स्कॅन मागणारे पालकही भेटतात. तिथे मात्र हात आखडता घ्यावा.

युइंगमध्ये पेट-सीटी हाडांतला फैलाव जास्त चांगला पकडतो. ऑस्टिओसार्कोमात बोन स्कॅनही भरवशाचा आहे. म्हणून "पेट परवडत नाही, मग काहीच नको" हे चूक. बोन स्कॅन बराच स्वस्त असतो. आणि "पेटमध्ये सगळं आलं" हेही चूक. फुप्फुसातले बारीक ठिपके पेटला चुकतात. श्वास रोखून काढलेला छातीचा सीटी वेगळा लागतोच.

रिपोर्ट वाचणाराही जाणता हवा. वाढत्या मुलाच्या हाडांची टोकं, म्हणजे जिथून उंची वाढते ती जागा, बोन स्कॅनवर मुळातच चमकते. दोन्ही गुडघे सारखेच उजळ दिसले म्हणून घाबरू नका. पण ऑस्टिओसार्कोमाही बहुधा गुडघ्याजवळच होतो, त्यामुळे त्या उजेडात गाठ हरवूही शकते.

स्कॅनच्या तारखेसाठी केमो महिनाभर अडकवून ठेवणं हाही गुन्हाच. तारीख लवकर मिळवून देणं आमचं काम आहे, पेशंटच्या बापाने खिडक्या पालथ्या घालणं नव्हे. पहिल्या केमोआधी एवढं जरूर विचारा: अख्ख्या शरीराची हाडं तपासली का? छातीचा सीटी झाला का? "गरज नाही" असं उत्तर आलं तर कारण विचारा. आम्हाला राग आला तरी विचारा.

पेट स्कॅन ठरला असेल तर आदल्या दिवशी मुलाला खेळू-पळू देऊ नका आणि तपासणीआधी सहा तास पाण्याशिवाय काही देऊ नका. सोबत एक चादर न्या. एसीत थंडी वाजली की मानेजवळची उष्णता देणारी चरबी साखर ओढते आणि चित्रात नसती चमक दिसते. स्कॅननंतर भरपूर पाणी पाजा, पुन्हा पुन्हा लघवीला पाठवा. घरात कुणी गरोदर असेल किंवा तान्हं बाळ असेल, तर त्यांना त्या दिवशी मुलाला खेटून बसू देऊ नका.