घड्याळ मनगटावर, नोंद कुणाच्या हाती?

नीरा डाव्या कालव्याच्या कडेने पहाटे फिरावयास निघणाऱ्याला एक दृश्य आता चांगलेच परिचयाचे झाले आहे. उसाच्या पानांवरचे दव अजून उडालेले नसते आणि अंधारातून दहा-बारा मुलांची रांग धापा टाकीत येते. कुणाचे लक्ष पोलीस भरतीकडे, कुणाचे सैन्याकडे. बारामतीपासून सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी आणि पुढे इंदापूरपर्यंत, ज्या वाटेने आषाढात तुकोबांची पालखी जाते, त्या वाटेवर वर्षाचे बाराही महिने अशी मुले धावताना दिसतात. त्यांच्यात अलीकडे डॉक्टर, प्राध्यापक आणि औद्योगिक वसाहतीतील अधिकारीही मिसळले आहेत. त्यांच्या मनगटावर धावण्याचे अंतर, वेग आणि नाडीचे ठोके सांगणारे घड्याळ असते. (बारामतीत ‘घड्याळ’ या शब्दाला एक राजकीय अर्थ आहे, तो येथे अभिप्रेत नाही.) ते पाहून भरतीच्या मुलानेही घरी तशाच घड्याळाचा हट्ट धरावा, हे स्वाभाविक आहे. मात्र चांगल्या घड्याळाची किंमत सहज पाच आकडी होते. शेतकऱ्याच्या घरात तो पैसा कोणत्या तरी गरजेतून काढूनच द्यावा लागतो. म्हणून हे यंत्र काय देते आणि त्या बदल्यात काय नेते, याचा विचार खरेदीपूर्वी व्हावयास हवा.

या घड्याळामागील व्यवस्था मूळची अमेरिकी सैन्याची. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे तिचे उपग्रह अणुघड्याळाने मोजलेली वेळ सतत प्रक्षेपित करीत असतात. किमान चार उपग्रहांचे संदेश पोहोचण्यास किती वेळ लागला, यावरून घड्याळ स्वतःचे स्थान ठरविते. मे २००० पर्यंत नागरी वापरासाठीच्या संदेशात अमेरिका हेतुपुरस्सर दोष मिसळीत असे, त्यामुळे शंभर मीटरपर्यंतची चूक संभवत होती. हा दोष काढल्यानंतर तीनच वर्षांत, २००३ मध्ये, गार्मिन कंपनीचे धावपटूंसाठीचे पहिले मनगटी यंत्र बाजारात आले. आज मोकळ्या आकाशाखाली ही चूक काही मीटरांवर आली आहे.

पण काही मीटर म्हणजे किती, हा प्रश्न भरतीच्या मुलासाठी सोपा नाही. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत पुरुष उमेदवाराला १६०० मीटर, तर महिला उमेदवाराला ८०० मीटर धावावे लागते आणि पन्नास गुणांच्या मैदानी चाचणीतील वीस गुण या एका धावण्यावर असतात. सैन्यातही १.६ किलोमीटरचीच कसोटी आहे. साडेपाच मिनिटांत १६०० मीटर धावणारा मुलगा सेकंदाला जवळजवळ पाच मीटर कापतो. घड्याळाने अंतरात एक टक्का चूक केली, तर ती सोळा मीटरची, म्हणजे तीन सेकंदांहून अधिक होते. गोल मैदानावर तर अधिकच गोंधळ होतो. घड्याळ साधारणतः सेकंदागणिक एक बिंदू टिपते आणि ते बिंदू जोडताना वळणाचा बाक कधी छाटला जातो, कधी फुगतो. चारशे मीटरच्या धावपट्टीवर पहिली मार्गिका सोडून दुसरीतून चार फेऱ्या मारल्या, तर सुमारे २८ मीटर जास्त धावणे होते. तो फरक मनगटावर नीट उमटेलच असे नाही. आपण साडेपाच मिनिटांच्या आत येतो, या समाधानात वर्षभर सराव करणाऱ्या मुलाला प्रत्यक्ष मैदानावर पाच-सहा सेकंद कमी पडतात आणि मग दोष नशिबाला दिला जातो.

मॅरेथॉन शर्यतीचा अधिकृत मार्ग आजही उपग्रहाने मोजीत नाहीत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तो मोजतात सायकलच्या चाकाने. पोलादी पट्टीने मोजलेल्या अंतरावर चाकाच्या फेऱ्यांचे प्रमाण आधी बसविले जाते. त्यानंतर ४२.१९५ किलोमीटरचा मार्ग आखताना हजारात एक या हिशेबाने ४२ मीटर जादाच धरतात, म्हणजे अंतर कमी भरण्याचा धोका राहत नाही. आमच्या खेड्यांत सायकल आहे, टेप आहे, शाळेचे मैदान आहे. त्यांच्या जोडीला एक साधे स्टॉपवॉच असले की १६०० मीटरच्या तयारीला पुरते.

याचा अर्थ घड्याळ निरुपयोगी आहे असा नव्हे. कालव्याच्या रस्त्याने आठ-दहा किलोमीटर संथ धावताना एक टक्क्याची चूक नगण्य असते. उलट आमची मुले रोजच जीव तोडून धावतात आणि पायाच्या नळीचे दुखणे ओढवून घेतात. त्यांना सावकाश धावावयास लावण्यासाठी नाडीच्या ठोक्यांचा आकडा उपयोगी पडतो. स्वस्त पट्टा घेताना मात्र एक तपासावे. त्यांतील कित्येकांत स्थान ओळखणारा भागच नसतो. ते खिशातल्या मोबाइलकडून ती माहिती उसनी घेतात.

याच बारामतीच्या स्पर्धेत साठी ओलांडलेल्या लताबाई करे नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. पतीच्या उपचारांसाठी त्यांना बक्षिसाची रक्कम हवी होती. त्यांच्या जीवनावरील २०२० च्या चित्रपटात त्यांनी स्वतःच भूमिका केली आणि त्या चित्रपटाची राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष दखल घेतली गेली. ही कथा साधनांची टवाळी करण्यासाठी सांगितली जाते, ते योग्य नाही. अनवाणी धावणे ही त्यांची अगतिकता होती. ज्या समाजात ती वेळ आली, त्याने तिचा आदर्श करू नये. पैसा थोडा असेल, तर तो आधी चांगल्या बुटांवर आणि दूध-अंड्यांवर खर्च व्हावा, घड्याळ त्यानंतर, इतकेच म्हणता येईल.

आता नोंदीचा प्रश्न. उपग्रह आपल्यावर पाळत ठेवतो असा समज सर्वत्र आहे, पण तो चुकीचा आहे. घड्याळ उपग्रहाचे फक्त ऐकते. त्याला काही कळवीत नाही. माहिती बाहेर जाते ती घरी परतल्यावर, घड्याळ मोबाइलला जोडले की. तेथून ती कंपनीच्या परदेशी संगणकांवर आणि कित्येकदा सर्वांना दिसणाऱ्या नकाशावर पोहोचते. स्ट्राव्हा या कंपनीने जगभरच्या धावपटूंच्या मार्गांचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला, तेव्हा जानेवारी २०१८ मध्ये एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याच्या लक्षात आले की, वाळवंटातल्या सैनिकी तळांचे अंतर्गत रस्तेही त्यात उजळले आहेत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेने आपल्या सैनिकांना मोहिमेच्या क्षेत्रात अशी यंत्रे वापरण्यास मनाई केली. जो मुलगा आज कालव्यावर धावतो, तो उद्या सीमेवरच्या चौकीत धावणार आहे, आणि ही सवय त्याच्याबरोबर जाणार आहे.

घरातल्या मुलीच्या बाबतीत हा प्रश्न त्याहून जवळचा आहे. ती रोज कोणत्या दारातून, किती वाजता निघते, कोणत्या निर्जन रस्त्याने परतते, हे तिच्या सार्वजनिक नोंदीवरून कोणालाही वाचता येते. त्यावर तिला घरी बसविणे हा उपाय नाही.

आपल्या देशाने या पराधीनतेवर उत्तर शोधण्यास १ जुलै २०१३ रोजी पहिला दिक्दर्शक उपग्रह सोडून आरंभ केला. त्या व्यवस्थेला ‘नाविक’ हे नाव मिळाले. परंतु तिचे संदेश मनगटावरच्या छोट्या यंत्रांत रूढ असलेल्या लहरींवर नव्हते. ती सोय २९ मे २०२३ च्या एनव्हीएस-०१ ने झाली आणि त्यात स्वदेशी अणुघड्याळही आहे. जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला त्याचा जोडीदार मात्र नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही. वाट लांबची आहे, हे मान्य करूनच चालावे लागेल. पण उपग्रह स्वदेशी झाला तरी नोंद परक्या कंपनीकडेच जात राहिली, तर या घटकेला धावणाऱ्या मुलीचा प्रश्न तसाच राहतो. त्यासाठी श्रीहरिकोट्याची वाट पाहावी लागत नाही. मोबाइलमध्ये नोंद खासगी ठेवण्याची आणि घराभोवतीचा भाग नकाशावरून झाकण्याची सोय असते. ती शोधावयास वडिलांना अथवा मोठ्या भावाला दहा मिनिटे पुरतात, आणि ती दहा मिनिटे घड्याळ खोक्यातून काढल्या दिवशीच द्यावीत.