गोळी मानवली नाही, हे नखरे नव्हेत



परवा मंदिरातून परतताना एक मैत्रीण हळूच म्हणाली, "डॉक्टरांनी घाबरेपणावर गोळी दिली होती. हात थरथरायचे, मळमळायचं. चार दिवसांत सोडली. घरचे म्हणतात, नखरे आहेत."

मला राग आला, कारण सहा वर्षांपूर्वी मीही हेच ऐकलं होतं. छातीत धडधड, रात्री दोनला जाग, गॅस बंद केला का हे बघायला चारदा उठणं. एका डॉक्टरांनी पाच मिनिटांत गोळी लिहून दिली. तिसऱ्या दिवशी धडधड वाढलीच. विचारलं तर उत्तर आलं, "घेत राहा, सवय होईल." मी पाकीट कपाटात टाकलं आणि वर्षभर तशीच झुरत राहिले. चूक त्यांची होती, तशी न बोलण्याची माझीही.

पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी जे समजावलं, ते पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन यांसारख्या गोळ्यांनी सुरुवातीचे काही दिवस बेचैनी, मळमळ वाढू शकते. गुण यायला मात्र काही आठवडे लागतात. एकच मात्रा प्रत्येकीला सारखी मानवत नाही, आणि वयानुसार शरीर औषध हळू पचवतं. म्हणून मात्रा अगदी थोडी ठेवून सुरू करता येते, सावकाश वाढवता येते, औषध बदलताही येतं. आधी थायरॉईड आणि बी-१२ तपासून घ्यावं. आपल्या शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता काही नवी नाही.

त्रास झाला म्हणून गुपचूप गोळी सोडणं हा उपाय नाही. अचानक बंद केल्याने चक्कर, अस्वस्थता येते. त्याहून वाईट म्हणजे जाऊबाईंच्या डब्यातली झोपेची गोळी उसनी घेणं. अल्प्राझोलामने तासाभरात शांत वाटतं खरं, पण त्याची सवय लागते, आणि आपल्या वयात तोल जाऊन हाड मोडतं. चिठ्ठीशिवाय ती विकायला कायद्याने बंदी आहे, ती उगाच नाही.

आता आपल्या घरातलं. "हे आर्तध्यान आहे, सामायिक कर, जप कर," असं सांगणाऱ्या पुष्कळ भेटतात. सामायिक मीही रोज करते, त्याने मन ठरतं. पण मधुमेहाच्या बाईला आपण इन्सुलिन सोडून माळ घे म्हणतो का? मग मनाच्या दुखण्यालाच हा नियम कशाला? आजारी बाईला तिच्या श्रद्धेत खोट असल्याचं ऐकवणं, ही मला हिंसाच वाटते.

आणि नियमांचं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. सूर्यास्तानंतर पाण्याचा त्याग असेल तर रात्रीची गोळी बुडते, हे त्यांना कसं कळणार? वेळ बदलून मिळू शकते. जिलेटिनची कॅप्सूल नको असेल तर साधी गोळी आहे का, ते विचारा. पर्युषणात उपवास करायचे असतील तर आधी बोला. लाजून औषध बुडवण्यापेक्षा हे बरं.

गोळीशिवायही उपचार आहेत. विचारांची आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणारी समुपदेशन पद्धत, सीबीटी, घाबरेपणावर चांगली लागू पडते. "तिथे नुसत्या गप्पा मारतात" म्हणणाऱ्यांनी एकदा करून बघावी. घरी करायचा अभ्यास असतो, घाम फुटतो. आपल्याकडे अंतर ही खरी अडचण आहे. सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे २०० किलोमीटर. म्हणून टेलि-मानसचा नंबर लिहून ठेवा: १४४१६. २०२२ पासून सुरू आहे, मोफत, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मनोविकारांचे उपचार मिळतात.

याच गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या बायकांना तपासलं. १९८९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते, आणि आधी तपासणी-उपचार झालेल्या फक्त ८ टक्के. बाकीच्या सोसत होत्या, कारण बोलायचं नसतं असं शिकवलेलं. तेव्हा गर्भाशयाबद्दल गप्प होतो, आज मनाबद्दल आहोत. विचारल्यावर त्या बायका बोलल्या. आपल्याला कुणी विचारायची वाट बघायला नको.

मी कॉमर्सची, म्हणून हिशेबाचा उपाय सांगते. एका वहीत तारीख, गोळी, मात्रा, वेळ आणि काय झालं, एवढं लिहा. पंधरा दिवसांनी ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. वही बघायलाच जे तयार नसतील, ते डॉक्टर बदला. मी बदलले. आज मी गोळीचा लहानसा तुकडा घेते, समुपदेशनही झालं, आणि गॅस एकदाच बघते.

मैत्रिणीलाही वही दिली आहे. तुमच्या घरी कुणी "गोळी मानवत नाही" म्हणाली, तर तिला नखरेवाली म्हणू नका. तिच्याबरोबर दवाखान्यात जा.