तक्रारीपूर्वीचा आधार

विद्यापीठांतील लैंगिक अत्याचारांचा प्रश्न निघाला की समित्यांकडे बोट दाखविले जाते. २०१३ च्या कायद्याने आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनी अंतर्गत तक्रार समिती सक्तीची केली, हे योग्यच झाले. परंतु तिचे दार लेखी तक्रारीनेच उघडते आणि ती तक्रारही सामान्यतः तीन महिन्यांच्या आत करावी लागते. कायद्याच्या सोळाव्या कलमातील गोपनीयताही तक्रारीनंतरचीच. समितीवर विद्यार्थिनीच्याच महाविद्यालयातील प्राध्यापक असतात. तिचे अंतर्गत गुणही कदाचित त्यांच्याच हाती. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर, तक्रारीची किंमत आधी मोजावी लागते आणि न्याय मात्र अनिश्चित असतो. मग मौनच स्वस्त वाटते.

म्हणूनच चौकशीपासून सर्वस्वी अलग असा प्रशिक्षित समुपदेशक हवा. आयोगाच्याच ‘सक्षम’ अहवालाने २०१३ मध्ये पूर्णवेळ समुपदेशकांची शिफारस केली होती. सज्ञान विद्यार्थिनीने तक्रार करावी की नाही, हा निर्णय तिचाच राहावा. अल्पवयीन मुलीबाबत मात्र २०१२ च्या कायद्यानुसार पोलिसांना कळविणे भाग असते. हे तिला आरंभीच सांगितले पाहिजे. समुपदेशकाच्या वेतनाची अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद झाली, तरच या शिफारशीला अर्थ येईल. ‘एकही तक्रार नाही’ असे वार्षिक अहवालात समाधानाने नोंदविणाऱ्या संस्थांनी याचा विचार करावा.