खाटकाकडे कोण जाणार?

आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये सध्या एकच साथ आहे. शेअर, फ्लॅट, कॅनडाचा पीआर हे विषय जुने झाले. आता बंदिस्त मेंढीपालन. बारामती-इंदापूरकडे दोन एकर पडून असलेला जो तो एक्सेल शीट घेऊन फिरतोय. वीस माद्या, एक नर, पाच महिन्यांचा गाभणकाळ, दोन वर्षांत तीन वेतं, आणि मग सेलचा कोपरा धरून खाली ओढायचा की मेंढ्याच मेंढ्या! शीटमध्ये शेड असते, मुरघास असतो, लसी असतात. सगळ्यात शेवटी एक रकाना: 'विक्री'.

माझं भांडण त्या रकान्याशी आहे. त्या एका शब्दामागे जनावर मरतं. ते कुठे मरतं, किती तास उभं राहून तिथे पोचतं, कुणाच्या हातून मरतं, हे शीटवाल्याला माहीत नसतं. विचारलं तर "ते व्यापारी बघतो रे" असं उत्तर मिळतं.

हा दोष फक्त आयटीवाल्यांचा नाही. सरकारची राजे यशवंतराव होळकर महामेष योजना २०१७ साली आली. तिच्यातही गट वीस माद्या आणि एका नराचाच, भटक्या जमाती-क प्रवर्गासाठी ७५ टक्के अनुदानावर. बारामतीच्या शेजारी फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेने तर फार मोठं काम केलंय. दख्खनी मेंढी बहुतेक वेळा एकच कोकरू देते. त्यांनी सुंदरबनच्या गरोळ मेंढीतलं जुळ्यांचं जनुक आणून 'नारी सुवर्णा' तयार केली. म्हणजे कोकरू जन्माला कसं घालायचं यावर वर्षानुवर्षं डोकी लागली. ते मारायचं कसं, यावर कुणाचंच डोकं नाही.

ज्यांनी मेंढरं राखली त्यांचं असं नव्हतं. खंडोबा बाणाईसाठी धनगरवाड्यावर मेंढरं राखायला राहिला, ती कथा आठवा. तिच्या एका रूपात तो मेंढरं मारतो आणि पुन्हा जिवंत करतो. कथेनेही मरण झाकून ठेवलेलं नाही. इंदापूरकडच्या माझ्या मामांना मी एकदा विचारलं, "मामा, तुम्हाला वाईट नाही का वाटत?" पहिल्या पावसानंतरचे दिवस होते. कोवळं गवत हावरटासारखं खाऊन आंत्रविषाराने त्यांची दोन धडधाकट कोकरं रात्रीत गेली होती. मामा म्हणाले, "वाटतं की. पण आरं, खाटकाकडं गेलं तर घरात पैसा येतो. इथं मेलं तर निस्ता खड्डा. वाईट दोन्हीचं वाटतं." हे निर्दयपणाचं बोलणं आहे असं ज्याला वाटेल त्याने एकदा मेलेलं कोकरू उचलून बघावं.

आता आपल्याकडे, म्हणजे शहरात, या. आषाढात तुकोबांची पालखी बारामती तालुक्यातल्या काटेवाडीला येते आणि पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. दरवर्षी तो व्हिडिओ मला निदान दहा ग्रुपवर येतो. किती सुंदर, किती आपली संस्कृती वगैरे. खरंच सुंदर असतं. पण याच मुलखातली नर कोकरं तीन-चार महिन्यांची झाली की बाजाराला निघतात. तिथे वजनकाटा क्वचितच. व्यापारी पाठीवरून, मांडीवरून हात फिरवतो आणि भाव बोलतो. मग पिकअपमध्ये दाटीवाटीने पुणे, नाहीतर थेट मुंबईचं देवनार. इंदापूरहून ते अडीचशे किलोमीटरच्या वर आहे. याचा व्हिडिओ कुणी पाठवत नाही, आणि 'बोल्हाईचं मटण' लिहिलेल्या हॉटेलबाहेर रविवारी रांग मात्र लागते. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बोल्हाईला मानणाऱ्या घरांत शेळी-बोकड चालत नाही, मेंढीच लागते.)

आता तुम्ही म्हणाल, कायदा आहे की. आहे ना, चांगला आहे! कत्तलखान्यांसाठीचे २००१ चे केंद्रीय नियम वाचा. नगरपालिका हद्दीत परवानाधारक कत्तलखान्याबाहेर जनावर मारायचं नाही. गाभण मारायचं नाही, तीन महिन्यांच्या आतलं मारायचं नाही, एकाला दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर मारायचं नाही. पशुवैद्याने प्रत्येक जनावर तपासायचं, तेही तासाला १२ आणि दिवसाला ९६ पेक्षा जास्त नाही. एवढी माया तर आमचा प्रोजेक्ट मॅनेजर आमच्यावरही करत नाही. आणि मग रविवारी पहाटे मटणाच्या दुकानामागच्या मोरीत डोकावून या.

राज्यात या विषयावर मोठी चर्चा झाली ती मार्च २०२५ मध्ये. मंत्री नितेश राणे यांनी हिंदू खाटिकांच्या झटका मटणासाठी 'मल्हार सर्टिफिकेशन' जाहीर केलं. मग नावावरून जेजुरीत वाद, चॅनलवर आरडाओरडा. सगळा कल्लोळ कापणारा कोण यावर! कोकराला पाणी मिळालं होतं का, डॉक्टरने बघितलं का, हे दोन्ही बाजूंच्या एकाही शहाण्याने विचारलं असेल तर मला तरी दिसलं नाही.

माझं म्हणणं साधं आहे. याच दोन तालुक्यांत गावोगावी दूध संकलन केंद्रं आहेत आणि दूध थंड करायची सोय आहे. का? कारण दूध नासतं आणि नासलं की पैसा बुडतो. जिवंत मेंढी नासत नाही, म्हणून ती उभ्या-उभ्या कितीही लांब नेता येते, असा आपला हिशोब. तोही चुकीचाच. उपाशी, घाबरलेलं जनावर वाटेत वजन गमावतं. ताणामुळे स्नायूंमधली साखर संपते, मग मटण काळपट पडतं आणि लवकर खराब होतं. बारामतीला एक, इंदापूरला एक असा लहान, स्वच्छ कत्तलखाना हवा: फरशी, पाणी, सांडपाण्याची सोय, एक डॉक्टर, एक शीतखोली. मेंढपाळाने सकाळी मेंढरं आणावीत, काट्यावर वजन व्हावं, आणि पुण्याला जावं ते मटण.

याला पैसा लागतो. किलोला सात-आठशे मोजणाऱ्यांनी आणखी पन्नास मोजावेत. तेवढा तर आपण डिलिव्हरी चार्ज देतो. गावात विरोध होईल, वास येईल म्हणतील, सोसायट्यांतले शाकाहारी मित्र मेल पाठवतील. त्यांच्याशी मी वाद घालणार नाही, ते खात नाहीत. माझा वाद माझ्यासारख्या खाणाऱ्यांशी आहे.

आणि एक्सेलवाल्यांनो, शेडचं कोटेशन मागवण्याआधी एकदा पहाटे उठून मेंढरं भरलेल्या पिकअपमागे गाडी घाला. शेवटपर्यंत जा, मध्येच एक्सप्रेसवेवर वडापावला थांबून परत फिरू नका.