विजेचीही वेळ पाळूया

रोकड तिजोरीत ठेवता येते. वीज मोठ्या प्रमाणावर साठवणे मात्र आजही खर्चिक आहे. म्हणूनच मागणी आणि निर्मिती यांचा जमाखर्च विद्युत जाळ्याला क्षणोक्षणी जुळवावा लागतो. तो जुळला की नाही, हे वारंवारता सांगते. आपल्याकडे ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या मर्यादेत राखावयाची असते. निर्मितीच्या तुलनेत मागणी वाढली की ती घसरते, घटली की चढते.

हा तोल ढळल्यास काय होते, ते ३० व ३१ जुलै २०१२ रोजी देशाने अनुभवले. उत्तर भारताचे जाळे लागोपाठ दोन दिवस कोसळले. दुसऱ्या दिवशी पूर्व व ईशान्य भारतही अंधारात गेले. महाराष्ट्र आणि छत्तीसगड ज्यात मोडतात तो पश्चिम विभाग बचावला. पुढे ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे घरोघरचे दिवे मालवले गेले, तेव्हा मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटने घटली. पूर्वतयारी असल्याने जलविद्युत केंद्रांनी निर्मिती झपाट्याने कमी-जास्त करून तोल सांभाळला.

भिलाईत वीज म्हटली की पोलाद कारखानाच डोळ्यांपुढे येतो. हुडको वसाहतीतील एखादे घर या हिशेबात नगण्य वाटते. परंतु घरे एकेकटी वागत नाहीत. सूर्य मावळून सौरनिर्मिती थांबते, नेमके तेव्हाच घरोघरी दिवे, कूलर आणि पंप एकदम सुरू होतात.

ग्राहक हक्क नियमांतील २०२३ च्या दुरुस्तीने यासाठी वेळेनुसार दर आणले. त्यानुसार सौर तासांत दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी, तर सर्वाधिक मागणीच्या काळात घरगुती ग्राहकांसाठी किमान १० टक्के अधिक असावा. हे धोरण स्वागतार्ह आहे. पाण्याचा पंप, धुलाई यंत्र, इस्त्री यांना थांबता येते. दुपारी भरलेली टाकी म्हणजे एका अर्थी साठवलेली वीजच होय!

मात्र आजाऱ्याच्या उशाचा पंखा, मुलांच्या अभ्यासाचा दिवा आणि मे महिन्यातील कूलर यांना थांबता येत नाही. दिवसभर घराला कुलूप लावून पती-पत्नी दोघेही कामावर जात असतील, तर दुपारची सवलत त्यांच्यासाठी कागदावरच राहते. अशा कुटुंबावर केवळ वाढीव दराचा बोजा पडणे न्याय्य नव्हे. तसेच दूरनियंत्रणाने एखादे उपकरण बंद करावयाचे झाल्यास ग्राहकाची पूर्वसंमती असावी आणि त्याची सवलत देयकात स्पष्ट दिसावी. खातेपुस्तिकेत नोंद दिसते म्हणूनच खातेदार विश्वास ठेवतो.

भारनियमनाचा अनुभव महाराष्ट्राने वर्षानुवर्षे घेतला आहे. त्यात सारा भाग एकदम अंधारात जाई. पंप कोणता आणि आजाऱ्याचा पंखा कोणता, हा विवेक त्यात नव्हता. तो विवेक घरातील माणसालाच करता येतो. आपण होऊन काही कामे दुपारकडे वळवली, तर अंधार लादण्याची वेळ कोणावर येणार नाही.