खासगी नोंद कोणाची?

१९९६ साली आलेल्या पाम पायलट या हातात मावणाऱ्या डायरीत पत्ते ‘व्यवसाय’, ‘वैयक्तिक’ अशा गटांत टाकायची सोय होती. एखादी नोंद ‘खासगी’ ठरवून पासवर्डमागे दडवताही येई. पण डायरी संगणकाला जोडली की तीच नोंद तिथेही उतरे. तो संगणक घरातल्या कोणाच्या ताब्यात, हे यंत्राला काय ठाऊक?

आता ही कामं मोबाइल करतो. प्रश्न तोच आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याखाली अर्ज करावा की नाही, या विचारात असलेल्या बाईच्या फोनवर ‘वकिलांची भेट, ४ वाजता’ अशी आठवण झळकली आणि फोन नवऱ्याच्या हातात असला, तर? अर्जाआधीच मार पडेल.

म्हणून समुपदेशन करणारी कार्यकर्ती म्हणून मला वाटतं, सेटिंग हा तांत्रिक मुलांवर सोपवायचा विषय नाही. नोंद कोणत्या नावानं करायची, गजर वाजावा का, मजकूर बंद पडद्यावर दिसावा का, हे त्या बाईनंच ठरवावं. आपण शेजारी बसून फक्त बटणं दाखवावीत. आपल्या यंत्रातही तिला विचारून, गरजेपुरतंच भरावं. जे भरलंच नाही, ते फुटत नाही.

आणि ज्या घरात बाईला स्वतःचा पासवर्ड ठेवायची मुभा नाही, तिथे कोणतंच सेटिंग कामाचं नाही. तिची तारीख केंद्रातल्या कुलपातल्या वहीतच राहू द्या.