लॉन त्यांचं, वाफा आपला

कामगार बांधवांनो, कॅम्पमध्ये चार वाफे भाजीचे मागणं म्हणजे लाड मागणं नव्हे. पिण्याचं पाणी, संडास, एसी जसा मागतो तसंच हे मागायचं. का, ते ऐका.

अमिरातीत कामगार राहण्याच्या खोल्यांसाठी नियम आहे. माणशी किमान ३ चौरस मीटर जागा. आता टेप लावून मोजा. एक बंक पावणेदोन चौरस मीटर खातो. उरलेल्या सव्वा मीटरमध्ये तुमची बॅग, बूट, बादली आणि तुम्ही. सोनापूर असो, अल कूझ असो, सजा असो नाहीतर मुसफ्फा, हिशोब हाच. मुंबईच्या जुन्या माणसाला सोनापूर म्हटलं की स्मशान आठवतं. दुबईत त्याच नावाच्या वस्तीत जिवंत माणसं पडद्याआड मोबाइल घेऊन पडलेली असतात.

पहाटे बस, दिवसभर साइट, संध्याकाळी बस, मेसची रांग, बंक. शुक्रवार असो की रविवार, सुट्टीच्या दिवशीही तोच बंक. मी सुपरवायझर आहे, रोज सकाळी टूलबॉक्स टॉकला साठ-सत्तर चेहरे समोर असतात. हेल्मेट, बूट, हार्नेस तपासतो. पण रात्रभर डोळा लागला नाही, घरच्यांशी चार दिवस बोलणं नाही, जेवण जात नाही, हे तपासायचा रकाना कुठल्याच फॉर्मवर नाही. आपणही सांगत नाही. सांगितलं की "मेंटल झाला काय रे?" म्हणून हसतात. ताप आला तर क्लिनिक, मन खचलं तर चेष्टा. हे आपणच बंद करायला पाहिजे.

आता वाफ्याचा आणि मनाचा संबंध काय? हॉलंडमध्ये २०११ साली एक प्रयोग छापून आला. वाटणीच्या बागेत भाजीपाला करणाऱ्या तीस लोकांना आधी डोक्याला ताण देणारं काम दिलं. मग निम्म्यांनी अर्धा तास बागेत काम केलं, निम्म्यांनी आत बसून वाचन केलं. ताणाचं रसायन दोघांच्याही अंगातलं उतरलं, पण बागवाल्यांचं जास्त. आणि मन पूर्ववत झालं ते फक्त बागवाल्यांचं. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात ५४१ पडीक जागा घेतल्या. काही ठिकाणी गवत-झाडं लावली, काही ठिकाणी नुसता कचरा उचलला, काही तशाच ठेवल्या. २०१८ मध्ये निष्कर्ष आला. हिरवळ केलेल्या जागांच्या शेजाऱ्यांत उदास वाटण्याचं प्रमाण, काहीच न केलेल्या जागांच्या तुलनेत, सुमारे ४१ टक्क्यांनी घटलं. नुसत्या साफसफाईनं तसा फरक दिसला नाही. "कॅम्प स्वच्छ आहे, आणखी काय पाहिजे?" असं विचारणाऱ्याला हे सांगा.

आपल्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. आपण तीस-तीस मजले चढवतो आणि किल्ल्या देऊन बाहेर पडतो. त्या इमारतीत पुन्हा पाय ठेवता येत नाही. मेथी मात्र महिन्याभरात तुमच्याच ताटात येते. आपल्यातले कितीतरी जण शेतकऱ्याच्या घरातले. मातीत हात घातला की बोलायचं काय हे शोधावं लागत नाही. बंकवर "कसा आहेस?" विचारलं तर माणूस "ठीक" म्हणून भिंतीकडे वळतो. खुरपताना तोच माणूस आपणहून सांगतो की हुंडीवाल्याचं कर्ज फिटत नाही. शेजारी केरळचा, नेपाळचा, बांगलादेशचा भाऊ असला तरी मिरचीचं रोप दाखवायला भाषा लागत नाही.

कॅम्पात हिरवळ नाही असं थोडंच आहे? मी राहिलो त्या एका कॅम्पच्या गेटवर सुंदर लॉन होतं. रोज पाणी, आणि वर पाटी, गवतावर चालू नये. ऑडिटची गाडी आली की तिथंच फोटो. असलं लॉन साहेबांच्या डोळ्यांसाठी असतं. मन हलकं होतं ते आपल्या हातानं पेरलेल्या वाफ्यानं.

कंपनी म्हणेल, पाणी महाग आहे. मग हिशोब मांडा. थंडीत ठिबक लावली तर चौरस मीटरला दिवसाला पाच-सहा लिटर धरा. चाळीस मीटरच्या वाफ्यांना दोनशे ते दोनशे चाळीस लिटर. बाथरूमचे गळके नळ दुरुस्त केले तरी एवढं पाणी वाचेल. आपल्यातलेच काही म्हणतील, "दिवसभर राबून परत खुरपं कोण धरणार?" ज्याला नको त्यानं धरू नये. सक्ती केली की ती बाग राहात नाही, बिनपगारी ओव्हरटाइम होतो. कॅम्प बॉस गेटचं लॉन फुकट कापायला सांगत असेल, तर साफ नाही म्हणा.

आणि हे पक्कं लक्षात ठेवा. तीन महिन्यांचा पगार थकलेल्या माणसाला कोथिंबिरीनं झोप लागत नाही. पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत असेल, तर ते बेकायदा आहे, आणि त्याची तक्रारच करायची. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हातलं काम बंद, हा नियम पाळला जातो की नाही ते बघायचंच. बागेचा फोटो दाखवून यातलं एकही झाकू द्यायचं नाही. वाफा हक्कांच्या जोडीला हवा, बदल्यात नको.

करायचं काय? इथं संप बेकायदा आहे, पण अर्ज म्हणजे संप नव्हे. एकट्यानं जाऊ नका. दहा-वीस जणांच्या सहीनं कॅम्प बॉसकडे चार गोष्टी मागा: सावलीजवळची मोकळी जागा, एक नळ, गोडी माती नि खत, आणि वाफे कामगारांच्याच ताब्यात राहतील असा लेखी शब्द. अर्जाची प्रत स्वतःकडे ठेवा. सप्टेंबरात जागा तयार करा, ऑक्टोबरात पेरा. मेथी, कोथिंबीर, मुळा, पालक, मिरची, टोमॅटो एप्रिलपर्यंत छान येतात. इथली वाळू खारी असते, नुसत्या वाळूत बी टाकू नका. साइटवरचे केमिकलचे ड्रम आणि शटरिंग ऑइल लागलेलं प्लाय भाजीला अजिबात वापरू नका. मेसमधले खाण्याच्या तेलाचे डबे धुऊन, बुडाला भोकं पाडून घ्या. एसीचं ठिबकणारं पाणी तुळशी-मोगऱ्याला चालेल, भाजीला नळाचंच द्या.

बाग हे औषध नाही. रूममधला कोणी जेवण सोडून बसला असेल, सामान वाटून टाकत असेल, मरायचं बोलत असेल, तर त्याला एकटं सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या. अमिरातीत भारतीयांसाठी प्रवासी भारतीय सहाय्यता केंद्राचा ८०० ४६३४२ हा टोल फ्री नंबर आहे. रूमच्या दारामागे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

अर्ज याच आठवड्यात लिहा. पहिली सही रूममधल्या सगळ्यात गप्प माणसाची घ्या.